चित्र अडकतंय

“अडकलं! परत अडकलं!”

आमोसने ब्रेकवर सगळं अंग टाकलं. ब्रेक कसला, प्लॅस्टिकचं पेडल ते. फरशीवरून घसरत भिंतीला जाऊन टेकलं, आणि पडद्यावरची लाल बस रस्त्याकडेच्या टपरीत घुसली. टपरीवाला मात्र मजेत चहा गाळत राहिला. खेळच तो, त्यात कोणी मरत नाही. पण आमोसच्या कपाळावरचा घाम खरा होता.

“आराधना, बघ की गं! मोटरसायकल पार तिकडं लांब हुती, अन् एकदम म्होरं आली. मधी कुटं गेल्ती?”

लेकीने खुर्ची पुढे ओढली. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता. संगणक सेकंदाला किती चित्रं दाखवतो, ते त्यावरून कळायचं. साठच्या पुढे असायला हवा तो आकडा वीस-बावीसवर लटकत होता.

“पप्पा, तुमचं बरोबर आहे. खरंच अडकतंय,” ती म्हणाली.

आमोसला इतकं बरं वाटलं की त्याने तिच्या पाठीत प्रेमाने धपाटाच घातला.

“नाचता येईना अंगण वाकडं!” स्वयंपाकघरातून एस्तेर ओरडली. नवऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नसे, आणि एरवी तोही हसून सोडून द्यायचा. आज मात्र त्याला ते झोंबलं.

घोडेगावात आमोस पाटोळेला ‘आमोस ड्रायव्हर’ म्हणूनच ओळखत. उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगमागे गेलेली. बाजाराच्या दिवशी म्हशी, बैल, पिकअप आणि शेतकरी यांच्या गर्दीतून तो अशी अलगद बस काढायचा, की मागच्या बाकावरच्या म्हातारीची डुलकी मोडत नसे. गाडीत बसला की डोळे मिटून म्हणायचा, “प्रभू, गाडी माझी, मानसं तुझी.” आणि गाडी वाटेत बंद पडलीच, तर शेवटचा प्रवासी मागून येणाऱ्या गाडीत बसवून दिल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

नाताळच्या तोंडावर त्याला झटका आला. हात लुळा पडला, जीभ जड झाली, मग देवाच्या दयेने महिना-दोन महिन्यांत दोन्ही ठिकाणावर आलं. पण डेपोने त्याला गेटवर बसवलं. गाडी आली की साखळी खाली, गेली की साखळी वर. काल-परवा भरती झालेली पोरं गाडी बाहेर काढताना आदराने हात करायची, आणि त्या आदरानेच त्याचा जीव जायचा. आता सोमवारी नगरला त्याची गाडी चालवण्याची ट्रायल होती. डोळ्यांची तपासणी आधीच झाली होती. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली होती. ट्रायल पास झाली की स्टेअरिंग परत हातात. नाही झाली, तर निवृत्तीपर्यंत साखळी.

सराव व्हावा म्हणून आराधनाने ही युक्ती काढली होती. नगरच्या एका आर्किटेक्टसाठी ती घरबसल्या बंगल्यांची चित्रं काढायची. त्या कामासाठी घेतलेला तिचा संगणक म्हणजे तालमीतला पैलवान होता. त्याला जुनं स्टेअरिंग आणि पेडल जोडून तिने त्यात बसचा खेळ घालून दिला. आणि हा पैलवान एका साध्या बसला धापा टाकत होता.

तिने बाकीचे प्रोग्राम बंद केले. चित्रांचा दर्जा इतका उतरवला की झाडं कागदाची दिसायला लागली. आकडा हलेना.

“एवढं भारी मशीन असून असं का करतंय?” ती रडकुंडीला आली.

“बिघाड मशिनीतच हाय, एवडं नक्की ना?” आमोसने विचारलं. हा प्रश्न त्याने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता.

“नक्की पप्पा.”

सवयीप्रमाणे तो चहा करायला उठला. संध्याकाळचा चहा घरात त्याचाच. बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्यांकडून शिकलेली उंचावरची धार तो धरायचा. थेंब बाहेर जायची बिशाद नव्हती. पण आजही कप भरून ओट्यावर ओघळ आला.

“अवो, लक्ष कुटं हाय? दुखन्यातनं उठल्यापासनं रोज सांडताय,” एस्तेर फडकं घेऊन आली.

“कप लहान हायेत,” तो म्हणाला. कप लग्नातले होते.

शनिवारी बाजारपेठेतला रविराज आला. गावातले निम्मे संगणक त्याच्याच हातचे. त्याने डब्याची बाजू उघडली, आत टॉर्च मारला आणि हसायलाच लागला.

“ड्रायव्हरकाका, मशीन हाय का पिठाचा डबा?”

शेजारी रामहरीची गिरणी होती. वर्षभराचं ज्वारीचं पीठ खिडकीतून उडून आत गेलं होतं आणि पंख्याखाली त्याचा चक्क थर बसला होता. वारा लागत नव्हता, मग संगणक तापायचा.

“तापलं की जळू नये म्हनून त्ये सोताच हळू व्हतं. शानं असतंय,” रविराज म्हणाला.

“घाटात विंजन तापल्यावानी,” आमोस उत्साहाने म्हणाला. त्याला एकदम सगळं समजलं. रेडिएटर चोंदला की गाडी दम टाकते, यात गाडी चालवणाऱ्याचा काय दोष? रविराजने ब्लोअरने पीठ उडवलं, पंखा उतरवून पुसला, उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली. आमोस त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. आत एस्तेरला ओरडून सांगत होता, “बघ, पीठ निगालं पीठ! म्हनं अंगण वाकडं!”

संगणक सुरू झाला. हिरवा आकडा वर चढला आणि शंभराच्या पुढे जाऊन थांबला.

“आता लोण्यावानी चालंल!” रविराज म्हणाला.

आमोस खुर्चीत बसला. डोळे मिटले, पुटपुटला, गिअर टाकला. बस निघाली. समोरून ट्रॅक्टर येत होता. लांब होता. लांबच होता. मग तो अंगावर होता.

“अजून अडकतंय,” आमोस म्हणाला.

रविराजने आकड्याकडे पाहिलं. “न्हाई काका. जरा बी पडला न्हाई.”

“आरं, मी काय खोटं बोलतो काय? अडकतंय!”

मग सुरू झाली ती नुसती तडफड. केबल बदलली. खेळ काढून पुन्हा टाकला. रविराज दुकानातून दुसरा पडदा घेऊन आला, तोही जोडून पाहिला. आराधना एकामागून एक बटणं दाबत होती, आणि दर वेळी आमोस नव्या आशेने बसायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा. हळूहळू त्याचा आवाज खाली आला. शेवटी रविराजने आराधनाकडे पाहिलं आणि आराधनाने जमिनीकडे. बिघाड मशिनीत नाही, हे आमोसला त्या नजरांतूनच ऐकू आलं.

“तू चालव,” तो लेकीला म्हणाला. “मी नुसता बघतो.”

ती बसली. आमोस बाजूला उभा राहिला. पडद्यावर बस वळणाला लागली, झाडं उड्या मारत आली. पडदाच खराब, असं म्हणून त्याने नजर काढून घेतली. ती आराधनाच्या हातांवर पडली. स्टेअरिंगवर तिचा हात डावीकडे होता. मग उजवीकडे होता. मधे नव्हता.

तो पुन्हा बघत राहिला. बोटातली अंगठी इथे होती, मग तिथे. पडदा नाही, केबल नाही, पीठ नाही. पोरीचा हात, जन्मल्यापासून पाहिलेला.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. कपात पडणारी चहाची धार गोठल्यासारखी दिसायची आणि मग एकदम ओट्यावर चहा असायचा. परवा रस्ता ओलांडताना लांबची जीप अंगाशी येऊन करकचून थांबली होती. त्याने जीपवाल्यालाच शिव्या घातल्या होत्या. झटक्यानंतर हलणारी वस्तू त्याला सलग दिसत नव्हती, हे त्याला माहीत होतं. स्वतःपासून लपवून ठेवलेलं, पण माहीत होतं. तक्त्यावरची अक्षरं वाचली, त्यात काय मोठं? ती कुठे पळत होती? अंगण सरळच होतं.

आणि सगळ्यात वाईट विचार त्यानंतर आला. सोमवारी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीत, हळूहळू चालवून तो पास होऊ शकला असता. कोणाला काही कळलं नसतं. क्षणभर त्याला ते फार हवंसं वाटलं. पुन्हा लाल गाडी, पुन्हा हात करणारी माणसं. मानसं तुझी, असं म्हणताना त्याने आजवर कधी थांबून विचार केला नव्हता.

“ऊठ बाळा,” तो म्हणाला. “मला दे.”

आराधना उठली. आमोसने सिग्नल दिला, पायी चालावं इतक्या हळू बस डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग दार उघडायचं बटण दाबलं. खेळातले प्रवासी उतरून रस्त्याकडेला उभे राहू लागले.

“पप्पा, पुढं जायचं ना? अजून स्टॉप आहेत.”

“गाडी बंद पडली,” आमोस म्हणाला. “मागची येईल. तिच्यात बसवून देऊ.”

“मशीन आता चांगलं आहे, पप्पा. मी परत एकदा...”

“मशीन चांगलंच हाय गं. त्येला आता उघडू नको.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “सोमवारी जाऊ नगरला. ट्रायलला न्हाई. डाक्टरला खरं सांगायला. तू ये संगं, रस्ता तू बघ.”

आराधनाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. आमोसला ते ओघळताना दिसलं नाही. डोळ्यात होतं आणि मग हनुवटीवर होतं. रविराज आपल्या पडद्याची वायर गुंडाळायला लागला. आमोस मात्र खुर्चीतून उठेना. शेवटचा माणूस उतरेपर्यंत तो स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

मग तो स्वयंपाकघरात गेला. चहा उकळून तयार होता. एस्तेरने रोजच्यासारखी पक्कड त्याच्यापुढे धरली आणि कप मांडायला वळली. आमोसने पातेलं उचललं, कपाच्या वर नेलं, आणि तसंच खाली ठेवलं.

“एस्तेर,” तो म्हणाला, “आजपास्नं चहा तू ओत.”

चेष्टा तिच्या ओठांवर आली होती. त्याच्या तोंडाकडे पाहून तिने ती गिळली, पक्कड घेतली, आणि एक थेंबही न सांडता त्याचा कप आधी भरला.