वीस हजारांचं गाऱ्हाणं

आमचा भाई कंत्राटदार माणूस म्हणून वाईट नाही, पण चार पैसे वाचत असतील तर देवालाही कामाला लावील. मी संचिता, त्याची विमा एजंट. गड्यांच्या विम्यात डिडक्टिबल म्हणजे काय, हे मी त्याला तीनदा समजावलं. दर अपघातात पहिले वीस हजार कंत्राटदाराने भरायचे, त्यावरचे कंपनीने. म्हणून हप्ता कमी. त्याने तीनदा मान डोलावली आणि ऐकलं फक्त 'हप्ता कमी'.

तोंडवलीत होमस्टेचं काम सुरू व्हायचं होतं. हातात नारळ धरून भाई देवाला गाऱ्हाणं घालू लागला.

"बा देवा म्हाराजा, काम येळेर पुरा होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" गडी ओरडले.

"आणि कोण पडलोच, तर बारको मार नको, म्हाराजा. वीस हजारांच्या वरचोच लागंदे! आणि पडतले ते सगळे एकदम पडंदेत, म्हणजे अपघात एकच धरतले!"

मी कपाळावर हात मारला.

"भाईनू, ह्याका मी व्हय म्हणूचंय नाय," बाबली गवंडी म्हणाला. त्याने उजव्या हाताचा वाकडा अंगठा पुढे केला. "गेल्या वर्षी कामार ह्यो मोडलो, तेवा तुम्ही म्हणालास, कंपनी बघतली. कंपनी म्हणाली, बारको खर्च, कंत्राटदार बघतलो. बघूक कोणीच नाय."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. भाईची मला लाज वाटली, आणि न विचारल्याबद्दल माझीही.

"सांग गो ह्यांका!" भाई माझ्यावर खेकसला.

"काय सांगू? वीस हजारांपर्यंत तुम्हीच कंपनी!"

गाऱ्हाण्याला 'व्हय' मिळाल्याशिवाय बांबूच्या परांचीवर कोणी चढणार नव्हतं. माझ्या कागदावर भाईने न वाचता सही केली होती. देवासमोर मात्र त्याला घाम फुटला.

"बा म्हाराजा," तो पुटपुटला, "पयले वीस हजार माझे. त्याच दिवशी. हॉस्पिटलात."

"मोठ्यान!" बाबली म्हणाला.

भाईने तेच मोठ्याने सांगितलं. गड्यांचा "व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात आला की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

आठवड्याने मी गेले, तर बाबली परांचीवर आणि खाली भाई दोन्ही हातांनी शिडी धरून उभा.

"भाईनू, सोडा आता. जेवूक जावा," बाबली वरून म्हणाला.

"तू आधी खाली उतर," भाई म्हणाला. "सावकाश."