चौरंगावरची दुनळी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. आधीच सांगून टाकते, मित्रांनो, मी भित्री आहे. हसू नका! बंदुकीने भित्रंच असावं. ज्या बंदुकीला कशाचीच काळजी वाटत नाही, तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

इथे अमेरिकेतच, उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या नळ्या लोखंडाच्या आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दोन नळ्या, दोन चाप, वीस बोअरची अंगकाठी; बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. थोडक्यात, नाजूक बाई. माझे पहिले मालक एल्मर नावाचे शेतकरी होते. कुंपण ओलांडायचं असो की मोटारीत बसायचं असो, ते मला आधी मधून मोडून उघडत, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघत आणि मगच पुढे पाऊल टाकत. घरी आलं की तेलाचा बोळा फिरवत. फार सुखात होते मी. मग त्यांची नजर गेली, पाठोपाठ तेही गेले आणि मुलांनी मला कॅरी गावातल्या एका बंदुकांच्या दुकानात नेऊन दिलं. तिथे कोपऱ्यातल्या फळीवर मी किती काळ धूळ खात पडले, ते विचारू नका. येणारा प्रत्येक जण शेजारच्या काळ्या चकचकीत बंदुकांना हात लावी आणि माझ्यावरून नजर फिरवून पुढे जाई. फार लागायचं मनाला.

तुम्ही विचाराल, की मग या बयेला मराठी कसं येतं? अहो, मालिनीच्या घरात वर्षभर राहिल्यावर भिंतींनाही मराठी येईल!

मालिनी आणि तिचा नवरा मोरेश्वर हे दोघे मूळचे नागपूरचे. तो औषधांच्या कंपनीत कामाला. शेजारच्या ग्लेनबरोबर शिकारीला जायचं त्याने मनावर घेतलं होतं. शिकारीचं लायसन्सही काढलं होतं. होले मारायचे होते; होले म्हणजे कबुतरांची धाकटी भावंडं. पहिली बंदूक घ्यायला तो दुकानात आला आणि मालिनी पहारेकऱ्यासारखी मागे उभी राहिली.

मोरेश्वरने थेट सगळ्यांत मोठी, काळी, बारा बोअरची बंदूक उचलली. "ही मस्त आहे यार," तो म्हणाला. दुकानातल्या बाईंनी त्याला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितलं आणि मग डोळे उघडायला लावले. दस्ता काखेत अडकलेला, नळी जमिनीकडे झुकलेली आणि मान वाकडी! नाकापेक्षा मोती जड झाला होता. मग बाईंनी मला खाली काढलं. मोरेश्वरने डोळे मिटले, मला खांद्याशी नेलं, डोळे उघडले, तर त्याची नजर सरळ माझ्या टोकावर.

"पहिली बंदूक अंगाला बसणारी असावी," बाई म्हणाल्या. "मोठी नव्हे."

"मुळात असावीच कशाला?" मालिनी मराठीत पुटपुटली; अर्थ मला पुढे कळला. "घरात नऊ वर्षांची पोर आहे, मोरेश्वर."

"मालू, लोखंडी कपाट घेतोय ना! कुलपाची किल्ली तुझ्याकडे. काडतुसं वेगळ्या खोलीत. प्रॉमिस."

अशी मी घरी आले. शेवटी कुणीतरी माझ्यावरची धूळ पुसली, याचा आनंद झाला होता. पण मालिनीचा चेहरा बघून तो फार टिकला नाही.

मोरेश्वर मन लावून शिकला, हे मान्य करायला हवं. ग्लेनने बजावलेले नियम तो घोकायचा. पण अंगवळणी पडलं नव्हतं, मित्रांनो. पाठ असणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं.

दसरा आला. इथे दसरा गुरुवारी असला तरी साजरा होतो शनिवारी, कारण गुरुवारी ऑफिस असतं. त्या शनिवारी सकाळी मोरेश्वर मला घेऊन ग्लेनबरोबर शेतावर गेला. दोन काडतुसं भरली, सुरक्षेचा खटका पुढे सारून चाप मोकळे केले आणि एका होल्यावर उजवी नळी झाडली. होला मजेत उडून गेला. तेवढ्यात मोरेश्वरचा फोन वाजला.

"अरे, पाहुणे पाचला येतायत आणि तू झेंडू अजून पिकअप नाही केलेस?" मालिनी ओरडत होती. "श्रीखंडही आणायचंय!"

ग्लेन शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. मोरेश्वरने त्याला लांबूनच हात केला आणि घाईत दुसरी नळी साफ विसरून मला तशीच, न उघडता, पिशवीत कोंबलं. माझ्या डाव्या नळीत पिवळं काडतूस जिवंत होतं आणि खटका पुढेच होता. सगळा रस्ता मी मनात आक्रोश करत होते. पण बंदुकीला एकच शब्द येतो, आणि तो मला काही केल्या उच्चारायचा नव्हता.

घरी चौरंग मांडला होता. शस्त्रपूजन! लॅपटॉप, मोटारीची किल्ली, स्क्रू ड्रायव्हर, विळी, लेकीचं म्हणजे सावनीचं व्हायोलिन. मोरेश्वरने या सगळ्यांच्या मधोमध मला ठेवलं.

"ही कपाटात जाणार होती ना?" मालिनीने विचारलं.

"अगं, नागपूरला बाबा कंपासपेटीची पूजा करायचे. या वर्षी घरात खरं शस्त्र आहे!"

"उघडून बघितलीस?"

"रिकामी आहे गं."

माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. आरती झाली. आणि मोरेश्वरने एक टपोरा झेंडू माझ्या चापांभोवतीच्या कडीत खोचला. बाई बाई बाई! माझं तोंड कुठे होतं, सांगू? सोफ्याकडे. तिथे बायका ताटं घेऊन बसल्या होत्या आणि सावनी त्यांना पाणी देत होती. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता आणि एवढी भीतीही कधी वाटली नव्हती.

"आता तरी उचल ना ती," मालिनी हळूच म्हणाली.

"पूजेतलं शस्त्र उद्यापर्यंत हलवत नाहीत, मालू. लोक बघतायत."

पाहुण्यांमध्ये आश्लेषा होती. तिचा अनीश दोन वर्षांचा. पोराला झेंडूचं भारी वेड. खालच्या पाकळ्या वेचत वेचत तो चौरंगापाशी आला. किल्लीजवळचं फूल घेतलं. व्हायोलिनवरचं घेतलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याची इवली बोटं कडीत शिरली. फूल घट्ट बसलं होतं. तो ओढू लागला. बोट मागच्या चापाला टेकलं, आणि मागचा चाप डाव्या नळीचा. जन्मभर तेल मागणारी मी त्या क्षणी देवीकडे गंज मागत होते.

मालिनीच्या हातातून श्रीखंडाचं पातेलं सुटलं. दोन ढांगांत येऊन तिने अनीशचं मनगट धरलं, एकेक बोट अलगद सोडवलं आणि त्याला कडेवर घेतलं.

"मोरेश्वर, उघड ती."

"अगं पण पूजा..."

"देवीची माफी मी मागेन. तू उघड. आत्ता!"

मोरेश्वर चिडलेलाच होता. त्याने मला उचललं, भिंतीकडे तोंड करून मधून मोडलं. उजवीकडे रिकामं टरफल. डावीकडे भरलेलं काडतूस.

 मोरेश्वरने टरफल काढलं, मग काडतूस. ते मुठीत धरून तो तिथेच खाली बसला. मग उठून आश्लेषासमोर गेला आणि त्याने हात जोडले. तिने मालिनीच्या कडेवरून अनीशला घेतलं. छातीशी धरूनच त्याला बूट घातले. एक बूट उलटा गेला, तो तिने तसाच राहू दिला, आणि न जेवता ती निघून गेली. त्यानंतर ती या घरात कधीच आली नाही. तिचा मला राग येत नाही.

मी आता कपाटात असते. मोरेश्वरने मला विकलं नाही, पण शेतावरही नेलं नाही. महिन्यातून एकदा मला बाहेर काढतो, उघडतो, दोन्ही नळ्यांत बोट घालून बघतो, मिटतो आणि लगेच परत उघडून बघतो. मालिनी शेजारी उभी असते. मग कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवते. 

मित्रांनो, माझ्यासारखीला हार नको, कुंकू नको. तिला कुलपात ठेवा, आणि कुणी "रिकामी आहे" म्हणून हातात दिली, तर देणारा सख्खा बाप असला तरी आधी उघडायला लावा. त्या संध्याकाळी मोरेश्वर खोटं बोलत नव्हता. मी रिकामी आहे, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.