पाठकोरे कागद

“बाई, कोऱ्या पानांचे फोटो काढून कुणाचं भलं होणार आहे?”

प्रश्न मी विचारला, पण पैज मैत्रिणींची होती. सुट्टीत आम्ही चौघी जुन्या कोर्टाच्या दप्तरखान्यात मदतीला जात होतो. दोनशे वर्षांपूर्वीचे खटले, माणसं विकली जायची त्या काळातले. खाली काळं कापड, वर कॅमेरा. टिचकी, पान उलटायचं, पुन्हा टिचकी. त्यावरून संशोधक ताई शोधणार होत्या की कोर्टानं गुलामांना कधी न्याय दिला का. दप्तरखान्याच्या बाई दिवसभर कागदांतून गंजलेल्या टाचण्या उपसायच्या, म्हणून आमच्यात त्या टाचणीबाई. त्यांना उलट प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. शाळेच्या नाटकात काम केल्यापासून तो गप्प बसायचं नाव घेत नाही, म्हणून मलाच पुढे ढकललं.

बाईंनी हातातली टाचणी बशीत ठेवली. “पान कोरं आहे हे उलटल्याशिवाय कसं कळलं तुला?”

मैत्रिणी खुदखुदल्या. मला मात्र कालचा गठ्ठा आठवला. शनिवारी आम्ही आत्याकडे समुद्रावर जाणार होतो. त्या घाईत आदल्या दिवशी मी अख्खा गठ्ठा एका सकाळीत उरकला आणि वर शाबासकीही घेतली. पहिल्या सहा पानांच्या पाठी कोऱ्या निघाल्यावर सातव्यापासून मी पान उलटलंच नव्हतं. घरी पाठकोरे कागद आपण गणितं सोडवायला ठेवतो, त्यांचे फोटो कोण काढतं? आता तो गठ्ठा बांधून तयार होता. संध्याकाळी तळघरात गेला की पुन्हा कधी उघडेल, देव जाणे.

आणि त्याच गठ्ठ्यात ती होती. कपडे धुणारी एक बाई. मालकिणीनं मरण्याआधी आपल्याला मोकळं केलं, असा तिचा अर्ज. त्याला उत्तर म्हणून मालकिणीच्या पुतण्यांनी घरातल्या सामानाची यादी जोडली होती: दोन पलंग, एक आरसा, धुणारी व तिची मुलगी. आरशानंतर. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला. निकालाचा कागद गठ्ठ्यात नव्हताच. ताईंनी आपल्या यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘निकाल अज्ञात’.

जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्याआधी आमच्यातली एक, जिला आम्ही भोंगा म्हणतो, म्हणाली होती, की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी गठ्ठ्याची फीत सोडली आणि मला खुर्ची ओढून दिली.

टिचकी, कोरं. टिचकी, कोरं. तासभर हेच. मग तिचा अर्ज आला. उलटला.

तो कागद कधीकाळी घड्या घालून ठेवलेला होता, आणि वर राहणाऱ्या घडीवर, बोटभर जागेत, कुणा कारकुनानं आडवं काहीतरी लिहिलं होतं. मी एकेक अक्षर लावत गेले आणि मग नाटकातल्या आवाजात वाचलं, “अर्ज मंजूर. बाई मुलीसह मोकळी. पुतण्यांस समज दिली.”

पुतण्यांना समज. मला नाचावंसं वाटलं, आणि मी नाचलेही, कागदापासून लांब जाऊन. टाचणीबाईंनी चष्मा काढला, पुसला, स्वतः वाचलं आणि दात दिसतील इतक्या हसल्या. लगेच त्यांनी ताईंना फोन लावला.

“अगं, तुझी धुणारी सुटली,” त्या म्हणाल्या, जणू ती आत्ताच कोर्टाच्या पायऱ्या उतरून गेली होती.

ताईंच्या यादीत असे चाळीस ‘निकाल अज्ञात’ आहेत, असं फोन ठेवल्यावर बाईंनी सांगितलं. तेव्हा भोंगानं जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात कबूल केलं, की तिनंही तीन गठ्ठे असेच उरकलेत. उरलेल्या दोघी बुटांकडे बघायला लागल्या. तिघींच्या गठ्ठ्यांची बेरीज नऊवर गेली.

घरी आले तर आई-बाबा बॅगा भरत होते. बाबांनी माझा पोहायचा पोशाख वर काढून ठेवला होता.

“आत्याकडे तुम्ही दोघं जा,” मी म्हणाले. “मी काकूकडे राहते, तिला विचारलंय. आमच्या नऊ गठ्ठ्यांच्या पाठी बघायच्या राहिल्यात.”