राउटरवरचा काळा दगड

"गप्प! कोणी बिया फोडू नका!" माझे मेहुणे चुआंगराव ओरडले, आणि टरबुजाच्या भाजक्या बिया दाताखाली धरलेली वीस-पंचवीस माणसं जागच्या जागी गोठली.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, सु-युनच्या दिवाणखान्यात त्या दुपारी मुंगीलाही शिरायला वाट नव्हती. बाहेर आमच्या शिंचु गावाचा वारा खिडक्या खडखडवत होता, आणि आत सगळ्यांचे डोळे एकाच माणसावर खिळले होते. तो माणूस म्हणजे गुरू येन. अंगात राखाडी रेशमी झगा, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या आणि चेहऱ्यावर सकाळीच पोट साफ झालेल्या माणसाची प्रसन्नता.

चुआंगरावांच्या दोन उंच स्पीकरमधून एका जुन्या गायिकेचं गाणं चाललं होतं. ना तार, ना तबकडी. गाणं इंटरनेटवरून यायचं आणि वायफायवरून स्पीकरमध्ये उतरायचं. गुरूंनी उजव्या हाताने तळव्याएवढा काळा दगड उचलला, कपाळाला टेकवला आणि हळूच राउटरवर ठेवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बाईचा आवाज पुढे आला.

"अगं बाई! पडदाच सरकला जसा!" शेजारच्या फानवहिनी छातीवर हात ठेवून म्हणाल्या.

"गायिका माझ्या मांडीवर येऊन बसली!" एक आजोबा म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की गायिका तत्काळ उठून गेली असावी.

आणि सु-युन? ती डोळे मिटून, उजव्या कानामागे हात धरून बसली होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"येतंय," ती म्हणाली. "उजव्या कानाला ऐकू येतंय."

"येणारच, बाळ," गुरू म्हणाले. "तारेतून येणारा आवाज म्हणजे नळाचं पाणी. हवेतून येणारा म्हणजे पावसाचं. पण वाटेत त्याला काय काय चिकटतं! शेजाऱ्यांची भांडणं, मोबाईलमधल्या शिव्या, कर्जवसुलीचे फोन. हा सगळा मळ तुझ्या कानात साचला. दगड लहरी गाळतो. सागरतळाशी शंभर पिढ्या ध्यानाला बसलेला दगड आहे हा!"

दगडाला समुद्राखाली ध्यानाला कोणी बसवलं आणि त्याची हजेरी कोण घेत होतं, हे कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? आमच्या गावात अख्ख्या जगाला पुरतील इतक्या कॉम्प्युटरच्या चिपा बनतात, आणि त्याच कारखान्यांतले शिकलेसवरलेले इंजिनियर यंत्र रुसू नये म्हणून त्याच्यावर हिरव्या पुड्यातला कुरकुरीत खाऊ ठेवतात. खाऊ चालतो, तर दगडाने काय घोडं मारलंय!

मी लाय, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. माझे दोन्ही कान मंद आहेत. श्रवणयंत्राशिवाय मला प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा कुजबुजल्यासारखी वाटते. गर्दीत मात्र मी यंत्र काढून खिशात टाकतो. माणसं इतकी बोलतात, आणि त्यातलं ऐकण्यासारखं इतकं थोडं असतं!

सु-युनचं तसं नव्हतं. ती मुलांचा गायनवृंद शिकवायची. चाळीस पोरांत कोणती पोर पाव सुराने घसरली ते ती पाठमोरी सांगायची. त्याच सु-युनचा उजवा कान एका सकाळी अचानक मंद झाला. कानात सतत शिट्टी वाजू लागली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "अचानक गेलेला कान म्हणजे पेटलेलं घर. पाणी आत्ता मारायचं, चौकशी नंतर. आजपासून औषध सुरू करा. उशीर केलात, तर मी काही करू शकणार नाही."

ती औषधं घेऊन घरी आली, आणि त्याच संध्याकाळी चुआंगराव गुरूला घेऊन आले.

चुआंगरावांना गाण्याच्या यंत्रांचं वेड. घरात सोफा फाटका, पण स्पीकर राजाला शोभतील असे. बिनतारी मांडणी करून महिना झाला तरी त्यांचं गाणं मधेच अडकायचं, उचकी लागल्यासारखं. त्यांच्या ओळखीतल्या कोणीतरी गुरू येनचं नाव सुचवलं. गुरू आले, घरभर नाक वर करून फिरले आणि दाराशी थांबले. तिथे चपलांच्या पत्र्याच्या कपाटात चुआंगरावांनी राउटर कोंबला होता.

"लहरींचा उगम पादत्राणांत?" गुरू किंचाळले. "अरे पाप्यांनो!"

राउटर बाहेर निघाला आणि देवघराशेजारी उंच फळीवर चढला. गाणं अडकायचं बंद झालं! पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढून उघड्यावर, उंच जागी ठेवला तर कोणताही राउटर सुधारतो. नास्तिकाचासुद्धा. पण घरात गुरूंचा जयजयकार झाला. मग गुरूंनी हळूच विचारलं, "आणि या लहरींचा गुप्त मंत्र कोणता?"

चुआंगरावांनी वायफायचा पासवर्ड सांगून टाकला.

सु-युनच्या कानाची गोष्ट निघाली, तेव्हा गुरू म्हणाले, "दोन पाण्यांत एकदम पोहता येत नाही. औषध तरी घे, नाहीतर दगड तरी." पहिल्याच बैठकीला तिला उजव्या बाजूने गाणं ऐकू आलं. तिने औषधाची पाकिटं कपाटात टाकली.

मी हे सगळं त्या दुपारी पहिल्यांदा पाहत होतो. श्रवणयंत्र खिशात होतं, त्यामुळे चमत्कार माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही; कोण काय म्हणालं ते चुआंगरावांनी मला नंतर सांगितलं. ज्याला ऐकू येत नाही तो काय करतो? बघत बसतो. गर्दीमुळे जागा नव्हती, म्हणून लोकांनी चहाचे पेले मिळेल तिथे ठेवले होते. एक उजव्या स्पीकरच्या डोक्यावर, एक डाव्याच्या. गुरूंनी दगड ठेवला आणि उजव्या पेल्यातल्या चहावर बारीक गोल तरंग उठले. डावा चहा आपला शांत. दगड उचलला, तरंग बसले. पुन्हा ठेवला, पुन्हा उठले. आणि प्रत्येक वेळी गुरूंचा डावा हात लांब बाहीत गेलेला होता.

लोक गेल्यावर मी यंत्र कानात घातलं आणि सु-युनला म्हणालो, "तुझा कान सुधारला नाहीये गं. तो गुरू उजवा स्पीकर मोठा करतोय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू सांगतोस? तुला ऐकू तरी आलं का काही?"

"मला दिसलं."

"दादा, आवाज बघतात का कधी? तुझे कान गेले म्हणून माझे परत आलेले तुला सहन होत नाहीत. सरळ सांग ना!"

ते मला लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते असं, की हे बोलताना ती मान वळवून डावा कान माझ्याकडे करत होती. तिचं तिलाच कळत नव्हतं.

चुआंगराव मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "लायदादा, असेलही तुम्ही म्हणता तसं," ते हळूच म्हणाले. "पण कान गेल्यापासून ती जेवत नव्हती. आता हसते. तिचं हसणं काढून घेऊ?"

"आणि औषधाची वेळ टळली की मग? तेव्हा तुमचा तो दगड रडेल तिच्यासोबत?"

त्यांनी मागे वळून दार ओढून घेतलं. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "काय करायचं ते सांगा."

त्यांनी माझा फोन घरच्या वायफायला जोडला आणि त्यावर त्यांच्या स्पीकरचं ॲप टाकून दिलं. त्यात दोन पट्ट्या होत्या, एक डाव्या स्पीकरची आणि एक उजव्याची. घरातल्या वायफायवर असलेला कोणताही फोन त्या वरखाली करू शकत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. मी जरा आधीच गेलो आणि लोक जमल्यावर उभा राहिलो. "गुरुजी, क्षमा असावी. काल मलाही साक्षात्कार झाला. एक वस्तू मीही आणली आहे. परवानगी द्याल?"

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? "सत्याला भीती कशाची!" गुरू म्हणाले.

मी रुमालात गुंडाळलेली वस्तू राउटरवर ठेवली. दुसरा हात माझ्या कोटाच्या खिशात फोनवर होता. उजवी पट्टी हळूच वर सरकवली.

"आहाहा!" आजोबा म्हणाले. "हा तर कालच्यापेक्षा शुद्ध!"

"गायिकेचा श्वास ऐकू येतोय हो!" फानवहिनी म्हणाल्या.

सु-युनने कानामागे हात धरला. "दादा... उजवीकडून येतंय. कालच्यासारखंच." तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच थांबावंसं वाटलं. पण मी रुमाल ओढला.

राउटरवर एक हिरवागार पेरू बसला होता.

"सागरतळाशी नव्हता," मी म्हणालो. "सकाळी बाजारातून आणलाय. ध्यानही केलेलं नाही. तिखटमीठ लावून खाता येईल."

कोणीतरी फिसकन हसलं. मी फोन बाहेर काढला, दोन्ही पट्ट्या पुन्हा सारख्या केल्या आणि तो फानवहिनींच्या हातात दिला. "वहिनी, तुमची नजर चांगली आहे. या दोन पट्ट्यांवर लक्ष ठेवा. फोनला कोणी हात लावायचा नाही. गुरुजी, आता तुम्ही दगड ठेवा."

"आज लहरी अशांत आहेत," गुरू म्हणाले.

"ठेवा की हो!" मागून आवाज आला. "पेरूला जमतं, तर दगडाला का नाही?"

गुरूंना वाटलं असावं, या म्हातारीला फोनमधलं काय कळणार! त्यांनी दगड कपाळाला लावून ठेवला. डावा हात बाहीत गेला.

"अय्या!" फानवहिनी किंचाळल्या. "उजवी पट्टी आपोआप वर चालली! भुतासारखी! मी हात लावला नाही हं, देवाशप्पथ!"

"गुरुजी, आता बाहीतला हात बाहेर काढा."

हात बाहेर आला. फोन मात्र आला नाही, तो बाहीतून घसरून फरशीवर पडला. त्याच्या उघड्या पडद्यावर त्याच दोन पट्ट्या होत्या. फानवहिनींनी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले आणि एकावर बोट फिरवलं. दुसऱ्यावर पट्टी हलली. गाणं मोठं झालं, लहान झालं, मोठं झालं.

"उद्या माझ्या नवऱ्याचा गुडघा आणणार होते मी या माणसाकडे!" त्या म्हणाल्या. "गुडघ्याची पट्टी कुठे असते हो गुरुजी?"

"अश्रद्धेच्या घरात लहरी विटाळतात!" गुरू गरजले. त्यांनी फोन हिसकला, दगड उचलला आणि घाईत पेरूही घेऊन गेले.

मग मी सगळ्यांना समजावलं. माणसाच्या कानाला एक खोड आहे. तेच गाणं जराशा चढ्या आवाजात वाजलं, तर ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. स्वच्छ, जवळचं, श्वास ऐकू येण्याइतकं. दुकानदारांना हे माहीत असतं, गुरूंनाही असतं. हवेतून गाणं येतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. आकडे पोहोचले तर गाणं जसंच्या तसं वाजतं, नाही पोहोचले तर अडकतं. आकड्यांना मळ चढत नाही, आणि दगड ते गाळत नाही. चांगलं गाणं हवं असेल, तर राउटर उघड्यावर ठेवा, ॲपमध्ये सगळ्यात चांगला दर्जा निवडा, दोन्ही स्पीकर आपल्यापासून सारख्या अंतरावर मांडा. बास!

सु-युन अजून तिथेच बसली होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझा कान बरा झालाच नाही."

"मंद कानालासुद्धा मोठं केलं की ऐकू येतं गं," मी म्हणालो. "माझ्या या यंत्राचा सगळा उद्योग तोच आहे. फरक एवढाच, की यंत्र खोटं बोलत नाही."

ती रडली नाही. उठली, गाणं बंद केलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच काहीच वाजत नव्हतं. उजव्या कानाशी तिने चुटकी वाजवली, मग डाव्या कानाशी. पुन्हा उजव्या. मग म्हणाली, "दादा, डॉक्टर आज असतील का?"

डॉक्टर होते. त्यांनी आधी तिला झापलं, मग चुआंगरावांना झापलं, आणि मी मधे बोललो म्हणून मलाही झापलं. औषध सुरू झालं, पुढे कानात इंजेक्शनंही द्यावी लागली. बरंचसं ऐकू येणं परत आलं. सगळं आलं नाही. बारीक पोरींचे वरचे सूर उजव्या कानाला अजूनही पोहोचत नाहीत. औषध पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर आले असते का? डॉक्टर म्हणाले, कदाचित. या एका शब्दासाठी मी गुरू येनला कधी माफ केलं नाही.

सु-युन पुन्हा वृंद शिकवते. आता ती पोरांना डाव्या हाताला ठेवून उभी राहते, म्हणजे चांगला कान त्यांच्याकडे राहतो. परवा एका मुलाच्या आईने तिला घाबरत विचारलं, की आजीला एका कानाने अचानक कमी ऐकू येतंय आणि कोणी सिद्धपुरुष गावात आलाय, त्याला दाखवावं का.

"कोणी चमत्कार दाखवला, की आधी विचारायचं: हे त्याच्याशिवाय होतं का? आणि त्याचे दोन्ही हात कुठे आहेत?" सु-युन म्हणाली. "पण ते सगळं नंतर. आत्ता आजीला टॅक्सीत घाला आणि इस्पितळात न्या. देवाला संध्याकाळी सांगा हवं तर. तो थांबेल, त्याला काय घाई आहे? कान थांबत नाही."