तिसऱ्या ताटातला मुरूम

"माती हातात घेतली की तुम्हाला काय काय कळतं, ते सगळं मला सांगाल?" राजनंदिनी मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि वही उघडली. दत्तरावांनी आधी वहीकडं पाहिलं.

"आमी काय सांगणार मॅडम," ते म्हणाले. "मशीन सांगती तेच खरं."

दत्तराव परभणीतल्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नमुने आणायचं काम करत होते. चिमूटभर माती जिभेवर ठेवली की गाळ किती आणि चिकणमाती किती ते त्यांना कळायचं. चार दिवसांनी अहवालही तेच सांगायचा. वर्षापूर्वी बाहेरच्या कंपनीनं प्रयोगशाळा विकत घेतली आणि आता सगळ्यांसाठी आठ दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. पुलाकडं चढत जाणाऱ्या रस्त्याच्या भरावात प्लास्टिकच्या जाड जाळीचे थर घालून उभी भिंत कशी पेलायची, तिची आखणी कशी करायची, हे शिकवायला राजनंदिनी मॅडम पुण्याहून आल्या होत्या.

वर्गातलं शिकणं दत्तरावांना जड गेलं नाही. जाळी मातीला धरते, माती जाळीला धरते, आणि त्यासाठी भराव पाणी निचरणारा लागतो, हे त्यांना ऐकताक्षणी समजलं. खटकत होतं ते वेगळंच. कंपनीच्या पूर्णेच्या शाखेत हेच काम करणारा, त्यांच्याच वयाचा बन्सीधर होता. मागच्या वर्षी तिथं असंच प्रशिक्षण झालं, असंच कुणी वही घेऊन त्याच्या मागं फिरलं, आणि दोन महिन्यांनी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याच्या जागी कंत्राटी माणूस आला, हातात छापील पुस्तिका घेऊन. आपलंच बोलणं त्यात छापलंय, असं बन्सीधर फोनवर म्हणाला होता.

बायकोनं, कोकिळानं, जेवताना विचारलं, काय शिकवायलेत म्हणून.

"शिकवायले न्हाईत," दत्तराव म्हणाले. "काढून घ्यायलेत."

तिसऱ्या दिवशी मॅडमनी टेबलावर पाच ताटांत पाच ठिकाणची माती मांडली. सरावासाठी आवारात एक खरी भिंत बांधायची होती आणि तिच्या भरावाला यातली कुठली चालेल, ते दत्तरावांनी सांगायचं होतं. दोन ताटं काळ्या मातीची होती. ती त्यांनी लगेच बाजूला सारली. तिसऱ्या ताटात लालसर मुरूम होता, गंगाखेड रस्त्यालगतच्या एका खाणीतला. दत्तरावांनी तो लांबूनच ओळखला. कोरडा असतो तोवर खडखडीत, चाळणीत एकदम उत्तम. पण त्यातले करडे खडे दोन दिवस पाण्यात राहिले की गुळासारखे विरघळतात. दहा वर्षांपूर्वी एका टाकीच्या पायासाठी त्यांनी स्वतःच तो नाकारला होता.

"हा चाळणीला उतरंल," ते म्हणाले. खोटं काही बोलले नाहीत.

मॅडमनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काहीतरी लिहिलं.

त्या पाहण्यानं दत्तराव अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी मॅडम आणि व्यवस्थापक योगीराज साहेब व्हरांड्यात बोलत होते, ते दत्तरावांना बघून गप्प झाले. दुपारी मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या खाणवाल्याला तुम्ही ओळखता का. तोंडओळख आहे, असं ते म्हणाले. किती वर्षांची, असं मॅडमनी पुन्हा विचारलं. यांना नक्की काय हवंय, ते दत्तरावांना कळेना. घरी जाऊन त्यांनी बन्सीधरला फोन लावला. तुलाही असले प्रश्न विचारले होते का? बन्सीधर नाही म्हणाला.

त्याच मुरमाचे दोन ट्रॅक्टर आले आणि पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. समोरून सिमेंटचे ठोकळे, आत मुरूम, मधे जाळीचे चार थर. पाऊस पडल्यासारखं व्हावं म्हणून दोन दिवस वरून पाणी सोडलं. सातव्या दिवशी सकाळी वाळूची पोती चढवून भिंत किती भार घेते ते बघायचं होतं. दत्तराव सगळ्यांच्या आधी तिथं गेले. खालून तिसऱ्या ओळीतला ठोकळा बोटभर पुढं आला होता आणि सांध्यांतून लाल चिखल झिरपत होता.

पडली तर पडू दे, त्यांनी मनाशी ठरवलं. विचारलं तेवढं आपण सांगितलंय. तेवढ्यात मॅडमनी हेल्मेट चढवलं आणि मोजपट्टी घेऊन भिंतीच्या समोरच्या बाजूला निघाल्या.

"मॅडम, समोर जाऊ नका," दत्तराव म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "तो मुरूम खराब हाय. मला ठावं होतं."

मॅडम थांबल्या, पण दचकल्या नाहीत. दत्तरावांना बाजूच्या टेबलाकडं घेऊन गेल्या. तिथं काचेच्या ग्लासात पाणी होतं आणि तळाला लाल गाळ. तिसऱ्या ताटातले खडे त्यांनी ताटं मांडली त्याच संध्याकाळी भिजत घातले होते. तरी भिंत त्याच मुरमाची बांधू दिली, असली माती कशी ढासळते ते सगळ्यांना दिसावं म्हणून. भिंतीपुढं कुणी जाऊ नये म्हणून दोरी बांधून घेतली होती, ती दत्तरावांच्या नजरेतून सुटली होती, आणि त्या स्वतः दोरीपर्यंतच जाणार होत्या.

"तुम्हाला हे कळलं नसेल, हे मला पटेना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खाणवाल्यानं तुम्हाला हाताशी धरलंय. साहेबांना मी तसं सांगितलंसुद्धा."

दत्तरावांचे कान तापले. सव्वीस वर्षांत असं कुणी त्यांच्याविषयी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी बन्सीधरचं सांगितलं, मोजक्या शब्दांत.

मॅडम खाली बघत ऐकत होत्या. "पुस्तिका होणार आहे, हे खरं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तुमचं काय करणार, ते मला कुणी सांगितलेलं नाही. माझाही करार मार्चपर्यंतच आहे."

हे तरी खरं, की आपल्याला बोलतं करायला म्हणतात, ते दत्तरावांना ठरवता आलं नाही. पण मॅडम तशाच योगीराज साहेबांकडं गेल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, दत्तरावांवर मी घेतलेला संशय चुकीचा होता. तेवढं मात्र त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पोती लांबून, यंत्रानं चढवली. चाळिसाव्या पोत्याला भिंतीला पोट आलं. दोन ठोकळे निसटले आणि मागचा मुरूम पिठल्यासारखा खाली आला. त्या खाणीचं नाव कंपनीच्या यादीतून काढलं.

दुपारी नमुने भिजवायच्या हौदाच्या कट्ट्यावर बसून दत्तरावांनी मॅडमना बरंच सांगितलं. ओल्या मातीची तळहातावर केलेली वळी कधी तुटते, ओल्या मुरमाला वास कसा येतो, नखानं ओरखडल्यावर विरघळणारा खडा कसा ओळखायचा. चहा दोनदा आला. शेतात बुजवलेली जुनी विहीर वरून कशी हेरायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही.

त्याला पाच महिने झाले. मॅडम मार्चनंतर कुठं गेल्या, ते परभणीत कुणाला ठाऊक नाही. दत्तराव अजून कामावर आहेत. कंपनीनं आता फाटकावर ओळखपत्र टेकवायचं यंत्र बसवलंय; कामावरून काढलेल्याचं कार्ड त्यात चालत नाही. रोज सकाळी ते कार्ड टेकवतात आणि हिरवा दिवा लागेपर्यंत श्वास धरून उभे राहतात.