तीन झेड आणि दाजींचा अंगठा

रांग दुकानाच्या दारातून निघून शेजारच्या छत्र्यांच्या दुकानापुढे वळली होती, आणि आपली गिऱ्हाइकं अडली म्हणून छत्रीवाला रांगेवर खेकसत होता. रांगेत मनगटाला पट्टा बांधलेली टायपिस्ट होती, खांदा धरून उभा असलेला रंगारी होता, बोटं सुजलेल्या आजीबाई होत्या, आणि हाताला काहीही झालेलं नसताना 'होऊ नये म्हणून' आलेले एक निवृत्त बँक मॅनेजर होते. एवढी कर्ती-सवरती माणसं एका व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरायला धडपडत होती.

आत एकच मशीन. उंच, लाकडी, कडांचे पोपडे उडालेलं. पडद्यावर वरून रंगीत किडे उतरतात, खाली आपलं विमान. दांडा हलवला की विमान सरकतं, बटण दाबलं की गोळी सुटते. आमच्या पिढीने कॉलेजचे तास ज्यांच्यावर उधळले त्यांतलाच हा एक खेळ. मशीनशेजारी पांढराशुभ्र सदरा घालून स्कोअरबाबा उभे होते.

"डोळे पडद्यावर, मन माझ्यावर!" बाबा सांगत होते. "दांडा तुम्ही धरायचा. हलवणारा तो!" त्यांनी बोट वर केलं. वर पंखा होता. "नसा अडकल्यात ना? मशीन मोकळ्या करतं. पुरावा काय? स्कोअर! डॉक्टरच्या रिपोर्टात आकडा वाढला की तुम्ही घाबरता. माझ्याकडे आकडा वाढला की तुम्ही बरे. आता सांगा, कोणता आकडा चांगला?"

"तुमचा!" गर्दी ओरडली.

गणित इतकं सोपं करणारा शिक्षक मला शाळेत भेटला असता तर मीही कुठल्या कुठे गेलो असतो.

हे बाबा कालपरवापर्यंत याच दुकानाचे मालक होते. पोरांच्या हातात फोन आले तसं दुकान ओस पडलं. त्यांनी एकेक मशीन विकून टाकलं. हे शेवटचं कुणी घेईना. मग एके दिवशी त्यात ऊर्जा संचारली. न खपणाऱ्या वस्तूंमध्ये ऊर्जा संचारण्याचं प्रमाण एकूणच फार असतं.

त्या दिवशी मशीनपुढच्या स्टुलावर दाजी बसले होते, काही आठवडे रोज बसत होते तसेच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चषकांवर आणि पितळी पाट्यांवर नावं कोरणं हा त्यांचा धंदा. अक्षर असं की निवडणुकीत पडलेल्या उमेदवारालाही दारावरची पाटी बदलून घ्यायचा मोह आवरत नसे. पण गेले काही महिने उजव्या हाताला मुंग्या येत होत्या आणि कोरणी बोटांतून निसटत होती. हाताच्या डॉक्टरबाईंनी तपासून स्वच्छ सांगितलं होतं: मनगटात नस दबली आहे, अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळत चालला आहे, ऑपरेशन छोटं आहे पण लवकर करा, कारण वाळलेला स्नायू पुन्हा भरून येईलच असं नाही. तारीख ठरली होती. दाजींनी ती रद्द केली. तिथे सुरी होती, इथे स्टूल होतं.

बाबांनी खांद्यावर हात ठेवला. किडे उतरले. आणि ज्या माणसाला सकाळी दाढीचा ब्रश धड धरता आला नव्हता, त्याचं विमान पडद्यावर मासोळीसारखं सुळसुळू लागलं. किडे पटापट फुटत होते. आकडा चढत होता. शेवटी मशीनने तुतारी वाजवली आणि विक्रमवीरांची यादी पडद्यावर आली. दाजी सगळ्यांत वर!

"रेकॉर्ड!" बाबा गरजले. टाळ्यांनी छत हललं. दाजी रडत होते. निवृत्त बँक मॅनेजरही रडत होते, उगीचच.

विक्रम झाला की हे मशीन खेळाडूला तीन अक्षरं टाकायला देतं, नावाची खूण म्हणून. पडद्यावर आपोआप तीन अक्षरं उमटली: झेड, झेड, झेड. आधीच्या सगळ्या विक्रमांपुढेही तेच.

"बाबा, दाजींचं नाव झेडवरून नाही," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "झेड हे शेवटचं अक्षर. शेवटी सगळ्यांना तिथेच जायचंय."

पुन्हा टाळ्या. टाळ्यांशी वाद घालता येत नाही, त्यांना कान नसतात.

घरी ताईने जेवायला वाढलं ते ताटं आपटतच.

"अहो, विमान उडवता तुम्ही. मग शर्टाचं बटण मी का लावून देते रोज?"

"बाबा म्हणाले, आधी स्कोअर, मग बटण," दाजी डाव्या हाताने घास घेत म्हणाले.

"आणि कोरणी?"

"ती त्याच्यानंतर."

"म्हणजे यादी आहे! अंगठा वाळून काडी झाला की त्याचा नंबर कितवा?"

"तुझा विश्वासच नाही."

"माझा तुमच्यावर होता. लग्न केलं ना!"

मी नस कशी दबते ते कागदावर काढून दाखवलं. दाजींनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "रेषा छान आहे रे तुझी." मग उठून हात धुवायला गेले. नळ त्यांनी कोपराने उघडला. ताईने मागोमाग जाऊन तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला. बाकं रिकामी होती. "सगळे गेमच्या दुकानात," बाई म्हणाल्या. "काल एकजण आला होता, मला त्याचा स्कोअर दाखवायला. बोटं सुजलेलीच होती. मी म्हटलं, सूज दिसतेय. तर म्हणाला, ती जुनी सूज आहे."

"तुम्ही एकदा चला," मी म्हटलं. "माझं कुणी ऐकत नाही."

"माझं ऐकतात असं वाटतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या, पण पर्स उचलली.

आम्ही पोचलो तेव्हा दाजी पुन्हा स्टुलावर होते. उपचार रोज घ्यायचा होता. ताई भिंतीला टेकून उभी होती, तोंड असं की दूध नासावं. विमान सुळसुळत होतं. डॉक्टरबाई थोडा वेळ पडद्याकडे न बघता दाजींच्या हाताकडे बघत राहिल्या. मग गर्दीतून पुढे जाऊन म्हणाल्या, "काका, जरा हात काढा."

दाजी दचकले आणि त्यांनी हात काढला. विमान डावीकडे गेलं, दोन किडे फोडले, उजवीकडे आलं. दांडा जागच्या जागी उभा. बटणाला कुणाचा स्पर्श नाही.

मला वाटलं, संपलं. इतकं उघडं सत्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"पाहिलंत?" बाबा ओरडले. "आता तर हातही लागत नाही!"

जी काही टाळी पडली म्हणता! आजीबाईंनी सुजल्या बोटांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. शिकून काय उपयोग झाला, हा प्रश्न मी त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ठळक अक्षरांत वाचला.

"अहो, तुमचा हात लागतच नाही म्हणजे तुम्ही खेळतच नाही!" मी गर्दीला सांगायला लागलो. "लहानपणी मशीन आपोआप नमुन्याचा खेळ दाखवत असताना नाणं न टाकता आपण दांडा हलवायचो आणि वाटायचं आपणच खेळतोय, तसं आहे हे!"

"खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं. मी उभाच होतो, पण म्हणणाऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला.

विमान आपलं खेळतच होतं. आणि ते खेळणं बघता बघता मला काहीतरी ओळखीचं वाटलं. किड्यांची प्रत्येक रांग संपत आली की ते शेवटचा किडा मुद्दाम जिवंत ठेवायचं, त्याच्याभोवती एक गिरकी घ्यायचं आणि मगच मारायचं. असा माज मशीन करत नाही. माणूस करतो. आणि असा माज करणारा एकच माणूस मी पाहिला होता. कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या गेमच्या दुकानात पडीक असायचा, सगळे विक्रम त्याचे, खूण म्हणून तीन वेळा झेड टाकायचा. म्हणून त्याला सगळे 'तीन झेड' म्हणायचे. परीक्षेलासुद्धा त्याला याच नावाने शोधावं लागे.

मी ताईच्या कानात सांगितलं. मला त्या दुकानातून घरी ओढून न्यायला तीच यायची, त्यामुळे तोही तिला चांगलाच आठवत होता. तिने पदर खोचला. तिने पदर खोचला की आमच्या घरात भांडीसुद्धा आपापल्या जागी जाऊन बसतात.

"काय हो बाबा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हा विक्रम काही खास नाही. आमच्या कॉलेजपाशी एक तीन झेड होता. तो याच्याहून बरा खेळायचा. पण लबाड मेला!"

विमान किंचित अडखळलं.

"बाई, शांतता राखा," बाबा घाईघाईने म्हणाले. "ऊर्जा विचलित होते."

"होऊ दे! सांगते ना. हरायला लागला की पायाने प्लग काढायचा आणि लाइट गेली म्हणायचा. एक विक्रम खरा नव्हता त्याचा. सगळं गाव हसायचं त्याला."

"कोण म्हणतं?"

हा आवाज पडद्यातून आला नाही, छतातून आला नाही. तो मशीनच्या मागच्या प्लायवुडच्या भिंतीतून आला. त्या भिंतीला एक दार होतं आणि दारावर पाटी: 'आत ऊर्जा आहे. डोकावू नये.'

"मी म्हणते!" ताई म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलंय!"

"प्लग? मी? नाव सांगा हो त्याचं, ज्याने पाहिलं!" भिंत थरथरली. "एकदाही काढलेला नाही! एकदाही!"

पडद्यावर विमान जागच्या जागी थिजलं होतं. किडे आरामात खाली आले आणि त्यांनी त्याचा चुराडा केला. डॉक्टरबाईंनी दारापुढे आडव्या झालेल्या बाबांना बाजूला केलं, अगदी पेशंटला करतात तसं, दंड धरून, आणि दार ओढलं.

आत एका खुर्चीतून माझ्याच वयाचा, बनियनवरचा एक गृहस्थ तावातावाने उभा राहत होता. त्याच्यापुढे दुसरा पडदा, त्यावर बाहेर दिसत होतं तेच. मांडीवर दांडा आणि बटणं बसवलेली फळी, आणि फळीपासून निघालेला तारांचा जुडगा भिंतीतल्या भोकातून थेट मशीनच्या पाठीत. बाहेरच्या दांड्याच्या तारा कापून टाकलेल्या होत्या. त्याला लटकवलेला हात आणि भिंतीला टांगलेलं कॅलेंडर यांचा खेळाशी सारखाच संबंध होता.

"हे सगळे विक्रम माझे आहेत!" तीन झेड गर्दीला सांगत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "रोज मी करतो. टाळ्या बाहेर वाजतात. तीन अक्षरं तेवढी टाकतो, बाकी कधी कुणाला सांगितलं नाही मी!"

"मूर्खा," बाबा पुटपुटले. "अक्षरं टाकू नको म्हणून किती वेळा सांगितलं."

तुम्हाला वाटेल, आता गर्दीने बाबांना धरलं असेल. थोड्या लोकांनी धरलंही. टायपिस्टने मनगटाचा पट्टा सोडून बाबांच्या अंगावर फेकला. पण बरेचजण दबक्या आवाजात काहीतरी ठरवत होते, आणि पाहता पाहता निवृत्त बँक मॅनेजर तीन झेडपुढे जाऊन हात पुढे करून उभे राहिले. "म्हणजे खरी ऊर्जा तुमच्याकडे आहे तर," ते आदराने म्हणाले. त्यांच्यामागे रंगारी. त्याच्यामागे आजीबाई. रांग तशीच होती, फक्त तोंड फिरलं होतं.

"अहो, मी फक्त सराव केला," तीन झेड गोंधळून म्हणाला. "रोज. इतकी वर्षं. मनगट माझंही दुखतं!"

"विनय बघा," आजीबाई म्हणाल्या.

मी डोकं धरून पायरीवर बसलो.

दाजी मात्र स्टुलावरून हलले नव्हते. ते तारांच्या जुडग्याकडे बघत होते. मग तीन झेडला म्हणाले, "ही फळी जरा मला द्या."

त्यांनी ती मांडीवर घेतली. नाणं टाकलं. किडे उतरले. दाजींनी दांडा धरला, पण अंगठा दांड्याला वळसाच घालेना. तो नुसता बाजूला पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यांनी डाव्या हाताने तो उचलून दांड्यावर ठेवला. तो घसरला. पहिल्याच किड्याने विमान फोडलं. पडद्यावर शून्य होतं.

"हा माझा," दाजी म्हणाले. कुणी टाळी वाजवली नाही. ते ताईकडे वळले. "तू रोज बटण लावतेस तेव्हा मी वर छताकडे का बघतो, माहितीये? मला कळत होतं."

"मलाही कळत होतं तुम्हाला कळतंय ते," ताई म्हणाली आणि तिचा सगळा जोर गेला. ती त्यांच्या शेजारी खालीच बसली.

"डॉक्टरबाई, ती तारीख परत मिळेल?"

मिळाली. ऑपरेशनला एक तासही लागला नाही. मुंग्या गेल्या, रात्रीची कळ गेली. अंगठ्याच्या बुडाशी मात्र एक खळगा राहिला आहे, आणि तो भरणार नाही असं डॉक्टरबाई सांगतात. स्टुलावर गेलेले ते आठवडे त्या खळग्यात आहेत. दाजी पाट्या पुन्हा कोरतात, मोठी अक्षरं छान येतात. चषकावरची बारीक नावं आता ते दुसऱ्या कारागिराकडे पाठवतात आणि कारण विचारलं तर विषय बदलतात.

यात चमत्कार कुठेच नव्हता. दोन पडदे होते, तारांचा एक जुडगा होता, प्लायवुडची भिंत होती, आणि 'डोकावू नये' असं लिहिल्यावर खरोखरच न डोकावणारी सुशिक्षित माणसं होती. जिथे डोकावू नका म्हणतात तिथे आधी डोकावा. आणि हात दुखत असेल तर हाताच्या डॉक्टरकडे जा. एवढं एक वाक्य लोकांच्या गळी उतरवायला मला अख्खी कथा लिहावी लागते, आणि तरीही खात्री नाही.