तुळजाचा हातमोजा

वसंता लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. बटण लावणं, घास उचलणं, पेन्सिल धरणं अशी साधी कामं ज्या हातांना जमत नाहीत, त्यांना ती खेळवत खेळवत कामाला लावायची. म्हैसुरातलं तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिलाईतलं, त्यामुळे दोऱ्यासुईशिवाय दुसऱ्या कशावर तिचा विश्वास नव्हता. घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथंच.

पाच वर्षांच्या तुळजाचा उजवा हात जन्मापासून अधू होता. सगळं ती डाव्यानं करायची. म्हणून वसंतानं दुपारी थोडा वेळ तिच्या डाव्या हाताला जाड हातमोजा घालायला सांगितला. चांगला हात बंद केला की आळशी हाताला झक मारत उठावं लागतं. तुळजानं त्याची चिकटपट्टी दातांनी ओरबाडून काढली. मग वसंतानं पट्टी उसवून नाडी शिवली आणि तुळजाच्या आजोबांना, तुकोजीरावांना, आपल्या वडिलांची गाठ शिकवली. दात लागले तरी न सुटणारी. "रडली तरी सोडू नका," हे ती दर खेपेला बजावायची. "जवळून हलू नका," हे मात्र एकदाच सांगितलं होतं.

त्या दुपारी तुळजाच्या आईचा, इंदिराचा फोन आला. "अय्यो अक्का, तुळजा घरात नाही. मामंजींचा डोळा लागला होता. शेजारीपाजारी सगळीकडे बघून झालं. हातमोजा तिच्या हातातच आहे."

वसंतानं स्कूटरची किल्ली उचलली. त्यांच्या फाटकाजवळ पाण्याची जमिनीतली टाकी होती आणि तिचं झाकण नीट बसत नसे, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. कुवेंपुनगरच्या गल्ल्यांतून स्कूटर कशी गेली, तिलाच कळलं नाही. पाण्यात पडलेलं पोर हात मारतं, कडा धरतं. आणि हिचा धरणारा हात आपण बांधून ठेवला. घाबरलेल्या माणसाला देव आठवतो म्हणतात. तिला फक्त ती गाठ आठवत होती.

टाकीचं झाकण बाजूला काढलेलं होतं. इंदिरा आत बांबू घालून ढवळत होती. ती रडत नव्हती, ते बघून वसंताला जास्तच भीती वाटली. तिनं गुडघे टेकून आत वाकून बघितलं. काळं पाणी हलत होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात गच्चीवरून तुकोजीरावांची फाटक्या आवाजातली हाक आली. दोघी जिन्यानं धावल्या.

गच्चीच्या कडेला वरच्या टाकीची लोखंडी शिडी होती. टाकीपाशी मांजर व्यालं होतं, पोर त्या पिलांकडे निघाली होती. अर्ध्यावर पाय निसटला होता. हातमोजा लोखंडावरून घसरत होता. खाली कठडा आणि कठड्यापलीकडे थेट रस्ता. तुळजा लटकली होती ती उजव्या हातावर. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. म्हातारे तुकोजीराव खाली उभे राहून नुसते हात पसरत होते.

"हुषारु, अक्का, जपून," इंदिरा म्हणाली.

वसंता शिडी चढली. तिनं पोरीच्या कमरेभोवती हात टाकून ओढलं, पण पोर सुटेना. अशा हाताला धरणं एक वेळ जमतं, सोडणं जमत नाही, आणि घाबरला की तो आणखीच आवळतो. मग तिनं तुळजाचं मनगट हलकेच वाकवलं, रोज खेळताना वाकवायची तसं. बोटं सैल पडली.

खाली आल्यावर तुकोजीराव डोळे पुसत हसले. "बघितलांत? धरलं की हातानं. तुमचं औषध लागू पडलं, बाई. उद्यापासून आणखी थोडा वेळ ठेवू."

"नाही," वसंता म्हणाली. "चूक माझी झाली. आता बांधायचं नाही." तिनं नखांनी ओढून पाहिलं, पण स्वतःचीच गाठ तिला सुटेना. शेवटी इंदिरानं कात्री आणून नाडी कापली.

तुळजाचा डावा हात मोकळा झाला. तरी वसंताची ओढणी तिनं धरली होती ती उजव्यानंच, गच्च. वसंता तशीच फरशीवर बसून राहिली. मनगट जरासं वाकवलं असतं तर ती मूठ सुटली असती. तिनं वाकवलं नाही.